हळद घाला, पण आधी तूस उकरून बघा

पत्र

नमस्कार डॉक्टर,

आम्ही वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात राहतो. आमचं १,२०० ब्रॉयलर पक्ष्यांचं शेड आहे. कंपनीच्या करारात नाही. पिल्लं आम्हीच विकत घेतो आणि खाद्यही घरीच बनवतो. मका घरचा, सोयाची तेल काढलेली पेंड (डीओसी) आणि प्रिमिक्स हिंगणघाटहून आणतो. दुकानदार दर बॅचला एक पांढरी पावडर द्यायचा, खाद्यात रोज टाका म्हणायचा, आम्ही टाकत होतो. आता नागपूरचा एक हॉटेलवाला अँटिबायोटिक न दिलेली कोंबडी मागतो, किलोमागे भावही थोडा वाढवून देतो म्हणतो. म्हणून मागच्या बॅचला सगळंच बंद केलं, कॉक्सीची पावडरसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या कोंबड्याइले कोनतं औषीद होतं व माय? हळद अन् लसून, बस." घरी हळद पिकतेच. ५० किलोच्या पोत्याला १ किलो हळद आणि १ किलो कडुनिंबाच्या पाल्याची पूड टाकली.

पक्ष्यांनी खाद्य कमी खाल्लं. विसाव्या दिवसानंतर विष्ठेत रक्त दिसू लागलं आणि शंभराच्या वर पक्षी गेले. बेचाळिसाव्या दिवशी सरासरी वजन १ किलो ७०० ग्रॅम भरलं, आधी सव्वादोन किलोपर्यंत जायचं. शेडात गेलं की डोळे चुरचुरतात. आता एक जण "शंभर टक्के हर्बल ग्रोथ प्रमोटर" म्हणून बाटली घेऊन चकरा मारतो आहे. आमचे हे म्हणतात, पांढरी पावडरच परत सुरू करू. होळीनंतर नवीन पिल्लं येणार आहेत. हळद नेमकी किती टाकायची, ते सांगा जी.

— एक वाचक भगिनी, ता. समुद्रपूर

उत्तर

ताई, हळदीचं माप सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमचे पक्षी हळदीनं मेले नाहीत, आणि योग्य मापानं टाकली असती तरी हळदीनं ते वाचलेही नसते. तुम्ही एकाच दिवशी दोन वेगळ्या गोष्टी बंद केल्या आणि त्या दोन्हींच्या जागी एक तिसरीच गोष्ट ठेवली. रोग आतड्यात, त्याचं मूळ शेडात अंथरलेल्या ओल्या तुसात आणि उपाय खाद्याच्या पोत्यात, म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

आधी ती पांढरी पावडर काय होती ते बघा. घरात रिकामं पाकीट पडलं असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. बॅसिट्रॅसिन, टायलोसिन, क्लोरटेट्रासायक्लिन (दुकानदार याला सीटीसी म्हणतात) किंवा एनरामायसिन यांपैकी एखाद्या अँटिबायोटिकचं नाव बहुधा सापडेल. कोलिस्टिन लिहिलेलं असेल तर ते पाकीट दुकानदाराला परत करा. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत आणि पक्ष्यांत कोलिस्टिन वापरायला भारत सरकारनं जुलै २०१९ मध्येच बंदी घातली आहे. माणसाच्या अतिदक्षता विभागात बाकीची औषधं हरली की डॉक्टर जे शेवटचं औषध काढतात, त्यातलं ते एक आहे. आणि पाकिटावर काहीच लिहिलेलं नसेल, नुसती सुटी पावडर पुडीत बांधून दिली असेल, तर ती कुठल्याच कारणासाठी परत आणू नका.

ही पावडर रोज थोडी थोडी दिली की पक्षी जास्त वाढतो, हे १९५० च्या सुमारास अमेरिकेत लक्षात आलं. आतड्यातले जंतू कमी होतात, आतड्याची आतली सूज उतरते, आणि खाल्लेलं अन्न जंतूंच्या आणि सुजेच्या कामी न जाता मांसाच्या कामी येतं. पण रोज थोडं थोडं औषध मिळालं की जंतू मरतात तसे काही सरावतातही. सरावलेले जंतू विष्ठेतून, खतातून, पाण्यातून, मांस कापणाऱ्याच्या हातांतून माणसापर्यंत येतात. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे. ती सगळी काही कोंबडीमुळे गेली नाहीत, माणसांनी स्वतःच्या औषधांची केलेली उधळपट्टी त्याहून मोठी आहे. पण आपल्या शेडाचा वाटा आपल्याला थांबवता येतो. स्वीडननं अशी रोजची पावडर १९८६ मध्ये बंद केली, आणि १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघानं उरलेल्या सगळ्यांवर बंदी घातली. आपल्याकडे २०१४ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं दिल्ली परिसरातले कोंबडीचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्क्यांत औषधांचे अंश सापडले होते. तुमचा हॉटेलवाला उगाच मागत नाहीये.

तेव्हा पावडर परत सुरू करायची नाही. यावर घरात वाद झाला तर माझं नाव सांगा.

आता तुमच्या मेलेल्या पक्ष्यांकडे येऊ. विसाव्या दिवसानंतर विष्ठेत रक्त, पंख पाडून एका कोपऱ्यात गोळा होणारी पाखरं आणि पटापट मरतूक, हे चित्र रक्ती हगवणीचं, म्हणजे कॉक्सिडिओसिसचं आहे. मेलेला पक्षी फाडून पाहिला असता तर आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन पिशव्या रक्तानं भरलेल्या दिसल्या असत्या. हा रोग जिवाणूंचा नाही, एका सूक्ष्म परजीवीचा आहे. त्याची अंडी विष्ठेतून तुसात पडतात. तूस ओलं आणि उबदार असलं तर दोनेक दिवसांत ती रोग पसरवण्याच्या तयारीची होतात. पक्षी तूस टोचतो, ती पोटात जातात, हजारोंनी वाढतात आणि पुन्हा तुसात येतात. तुमची "कॉक्सीची पावडर" हे चक्र आटोक्यात ठेवत होती. ती काढली आणि चक्र मोकाट सुटलं.

पुढचं तर आणखी वाईट. परजीवीनं आतड्याचं अस्तर फाडलं की तिथून प्रथिनं पाझरतात आणि त्यांवर क्लॉस्ट्रिडियम नावाचे जिवाणू माजतात. त्यातून आतडं सडतं. पांढरी पावडर या जिवाणूंना दाबून होती. तिलाही तुम्ही त्याच दिवशी रजा दिली. युरोपातल्या पोल्ट्रीवाल्यांनाही बंदीनंतर काही काळ या आतडं सडण्याच्या रोगानं पिडलं होतं, आणि ते सावरले ते कॉक्सीचा बंदोबस्त आणि शेडाची व्यवस्था घट्ट करून. ओव्यासारख्या वासाच्या वनस्पतींची तेलं तिथेही वापरतात, पण ती वरची भर म्हणून.

मग हॉटेलवाल्याला दिलेल्या शब्दाचं काय? कॉक्सीच्या औषधांत दोन घराणी आहेत. सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, मॅड्युरामायसिन ही तांत्रिकदृष्ट्या अँटिबायोटिकच आहेत, फक्त माणसाच्या उपचारात ती वापरत नाहीत. युरोपात ती खाद्यातली कॉक्सीविरोधी भर म्हणून चालतात, पण "अँटिबायोटिक अजिबात नाही" असा शब्द दिला असेल तर ती त्यात बसत नाहीत. दुसरं घराणं रासायनिक आहे, डायक्लाझुरिल, अँप्रोलियम वगैरे. ही अँटिबायोटिक नाहीत. तुमच्या पशुवैद्यांशी बोलून यातलं एखादं खाद्यात ठेवा आणि ग्राहकाला तसं उघड सांगा. निकारबॅझिन मात्र होळीनंतरच्या बॅचला कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. ते औषध चालू असताना ऊन वाढलं की उष्माघाताची मरतूक वाढते, आणि आपल्याकडे चैत्रातच पारा चाळिशी गाठतो. आणखी एक: सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन चालू असताना सर्दीवर म्हणून टायम्युलिन कधीही देऊ नका. दोन्ही एकत्र आली की विषबाधा होते, पक्ष्यांचे पाय लुळे पडतात.

आता डोळे चुरचुरण्याबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त खटकलेलं वाक्य तेच आहे, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. तो अमोनिया आहे. तुमच्या डोळ्यांना जो वास झोंबतो तो पक्ष्याच्या नाकाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चोवीस तास असतो. श्वासनलिकेत घाण बाहेर लोटणारी बारीक लव असते, अमोनिया ती जाळतो. मग ई. कोलाय हा जिवाणू छातीत उतरतो, पक्षी घरघरायला लागतात, आणि दुकानदार आणखी एक पावडर देतो. गावोगावच्या शेडांत औषधाचा निम्मा खर्च या एका वासातून निघतो, असं माझं मत आहे.

उद्या सकाळी शेडात जा आणि पाण्याच्या भांड्याखालचं तूस चार बोटं उकरून मुठीत घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर तूस ओलं आहे. थोडं चिकटून लगेच सुटलं तर बरोबर आहे. मूठ उघडताच धूळ उडाली तर फार कोरडं आहे, त्यानंही पक्षी शिंकतात. भांड्याखाली, भिंतीच्या कडेला आणि मधोमध, अशा तीन जागी हे करून बघा. मला वाटतं भांड्याखाली तुमचा लाडू होईल. म्हणजे पाण्याचं भांडं पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला नाही, खाली आहे, किंवा गळतंय. ते वर टांगा आणि पक्षी वाढेल तसं वर घेत जा. ओला थर काढून शेडाबाहेर लांब टाका, जागेवर कोरडं तूस भरा, रोज सकाळी फावड्यानं वरखाली करा. थर किमान दोन-तीन इंच हवा. भंडारा-गोंदियाकडच्या गिरण्यांचं धानाचं तूस तुमच्याकडे मिळतं, त्यात काटकसर करू नका. आणि मागच्या बॅचचं तूस शेडात असेल तर पिल्लं यायच्या आधी सगळं उचला. रक्ती हगवण होऊन गेलेल्या तुसावर नवीन पिल्लं सोडायची म्हणजे त्यांच्यासाठी रोगाचं ताट वाढून ठेवायचं.

पाणी विहिरीचं असो की बोअरचं, टाकी आतून हात घालून बघा. बुळबुळ लागली तर जंतूंचं घर आहे. टाकी, पाइप घासून काढा. ताजी ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला १० ग्रॅमच्या आसपास पुरते. उघडी राहिलेली पावडर निकामी होते, म्हणून लहान पुडा आणा. पाण्यातून लस द्यायची असेल तर एक-दोन दिवस आधीपासून ब्लीचिंग बंद ठेवा आणि लसीच्या पाण्यात लिटरला ५ ग्रॅम सायीविना दुधाची भुकटी घाला, नाहीतर लस पाण्यातच मरते. लसींचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा (मानमोडीची लस), दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात परत लासोटा, हे चालू असेल असं धरून चालतो.

मका घरचा आहे, ही चांगली गोष्ट, पण अवकाळीत भिजलेला तर नाही ना? दाण्याच्या टोकाशी हिरवट-काळी बुरशी दिसली किंवा पोत्यात हात घातल्यावर ऊब आणि कुबट वास आला, तर तो मका पक्ष्यांना नको. बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन यकृत खातं आणि लसीचा परिणामही कमी करतं. हळदीनं ते उतरत नाही आणि तव्यावर भाजल्यानंही जात नाही. मका कडकडीत वाळवून, ओलावा १२-१३ टक्क्यांच्या आत आणून, फळीवर थप्पी लावून ठेवा. आणि स्वस्त पडते म्हणून कोणी सरकीची ढेप सुचवेल. ती म्हशीला द्या. तिच्यातलं गॉसिपॉल कोंबडीला सोसत नाही.

हे सगळं झालं की मग हळद.

तुमच्या भागातली वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, तिच्यातल्या कुरकुमीनचं (हळदीतल्या गुणाच्या पिवळ्या द्रव्याचं) प्रमाण साध्या हळदीच्या २ ते ५ टक्क्यांपेक्षा वर जातं. तेव्हा माल चांगलाच आहे, माप चुकलं. ५० किलोला १ किलो म्हणजे २ टक्के, वर तेवढाच कडुनिंब. दोन किलो बिनपोषणाची पूड घातली की २२ टक्के प्रथिनांचं खाद्य एकविसाच्या जवळ येतं. शिवाय कडुनिंब कडू, पक्ष्यांनी खाणंच कमी केलं. आधीच पातळ केलेलं खाद्य आणि तेही कमी खाल्लेलं, वजन कुठून भरणार? कडुनिंब बंद करा. अगदी थोड्या मापात तो देऊन पाहिलेला आहे, पण घरच्या मोजमापात ते थोडं कधी जास्त होतं ते कळत नाही.

हळदीचे प्रयोग झाले आहेत ते साधारण अर्धा ते एक टक्का मापात. तुम्ही अर्ध्या टक्क्यावर राहा, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला २५० ग्रॅम. सोबत ओवा १०० ग्रॅम. ओव्याच्या तेलात थायमॉल असतं. ते जंतूच्या अंगावरचं आवरण फोडतं. पण हे तेल उडून जाणारं आहे. महिनाभराचा ओवा एकदम दळून ठेवलात तर शेवटच्या आठवड्यात पक्ष्यांना नुसता भुसा मिळेल. दर आठवड्याला लागेल तेवढाच दळा आणि झाकण घट्ट लावा. हळदही घरचीच कुटा. बाजारच्या खुल्या पुडीत रंग चढवायला लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि शिसं पक्ष्याच्या पोटातून माणसाच्या ताटात यायला वेळ लागत नाही.

३५० ग्रॅम पूड ५० किलोत सरळ ओतून फावड्यानं ढवळली तर एका पक्ष्याला हळदीचा गोळा आणि दहा जणांना काहीच नाही. आधी ती दोन किलो भरड्यात चोळा, पिवळेपणा सगळीकडे सारखा आला की तो भरडा दहा किलोत, आणि मग पूर्ण पोत्यात. खनिजांचं प्रिमिक्स तुम्ही असंच मिसळता ना, त्यातच ही पूड जाऊ द्या, कष्ट वाढणार नाहीत. पहिले दहा दिवस काहीच घालू नका. त्या वयात पिल्लानं पोटभर खाणं एवढंच काम आहे.

लसणाचं सासूबाईंना सांगा की त्या चूक नाहीत. लसणाचा गुण ठेचल्यावर येतो, पाकळी अख्खी असताना ते द्रव्य तयारच झालेलं नसतं, आणि उन्हात वाळवलं की बरंचसं निघून जातं. म्हणून ठेचून लगेच द्यावा लागतो. परसातल्या दहा कोंबड्यांना ते जमतं. १,२०० पक्ष्यांना रोज ताजा लसूण ठेचायला घरातलं कोण बसणार? लसणाचं पाणी पाइपात सोडलं तर पाणी प्यायची निप्पल तुंबतात, हेही ध्यानात ठेवा. त्यांच्या गावरान कोंबड्या औषधाविना जगल्या, खरं आहे. त्या दिवसभर मोकळ्या फिरत, उकिरडा उकरत, आपल्याच विष्ठेवर बसून राहत नव्हत्या. ब्रॉयलरला अंगाखाली जेमतेम एक चौरस फूट जागा मिळते. आणि मानमोडी आली की त्याच गावरान कोंबड्या एका आठवड्यात अख्ख्या आळीतून नाहीशा व्हायच्या, तेही सासूबाईंना आठवत असेल. त्यावर तेव्हा हळद चालली नाही आणि आज अँटिबायोटिकही चालत नाही. तो विषाणू आहे, त्याला फक्त लस.

शेवग्याचा सावलीत वाळवलेला पाला आणि भिवापुरी मिरचीची पूड याबद्दलही लोक विचारतात. शेवग्याच्या वाळल्या पाल्यात पाव हिश्श्याइतकी प्रथिनं असतात, अंड्याच्या कोंबडीला तो चांगला, बलक रंगतो. मिरचीचं म्हणाल तर पक्ष्यांना तिखट लागतच नाही, त्यांच्या तोंडात ती जाणीवच नाही, म्हणून पोपट आपल्या मिरच्या मजेत फस्त करतो. पण ब्रॉयलरमध्ये या दोन्हींच्या मागे तुम्ही लागू नका. एका वेळी जेवढ्या कमी गोष्टी बदलाल तेवढं कशामुळे काय झालं ते कळेल.

त्यासाठीच पुढचं सांगतो. शेडाच्या मधोमध जाळी लावा. एकाच दिवसाची, एकाच हॅचरीची पिल्लं दोन्हीकडे सारखी मोजून सोडा. एका बाजूला हळद-ओवा, दुसरीकडे साधं खाद्य, बाकी सगळं सारखं. दर आठवड्याला त्याच वारी, सकाळी खाद्य टाकण्याआधी, दोन्हीकडचे तीस-चाळीस पक्षी तोला. हातानं पकडले तर ठरावीकच पक्षी हाती लागतात, म्हणून एका कोपऱ्यात चौकट लावून त्यात सापडतील ते सगळे तोला. किती पोती कुठे गेली ते वहीत लिहा. शेवटी एकूण खाद्य भागिले एकूण वजन, म्हणजे तुमचा एफसीआर, किलोभर वजनाला किती किलो खाद्य लागलं ते. एका बॅचच्या फरकावर जाऊ नका, दुसऱ्या बॅचला बाजू बदलून बघा.

खर्चही मांडा. सव्वादोन किलोचा पक्षी चार किलोच्या आसपास खाद्य खातो. १,२०० पक्ष्यांचं ४,८०० किलो, त्याचा अर्धा टक्का म्हणजे २४ किलो हळद. किलोला १५० रुपये धरले तर ३,६०० रुपये, पक्ष्यामागे तीन रुपये. भाव तुम्हाला माझ्यापेक्षा बरा ठाऊक. घरची आहे म्हणून ती फुकट धरू नका, बाजारात विकली असती ना. हॉटेलवाल्याच्या वाढीव भावात हे तीन रुपये सुटत असतील आणि वजन तेवढंच राहत असेल तरच चालू ठेवा.

बाटलीवाल्याला दारातच चार प्रश्न विचारा. यात कोणत्या वनस्पती, प्रत्येकीचं प्रमाण किती? बॅच नंबर आणि मुदत कुठे आहे? टनामागे मात्रा किती? यात अँटिबायोटिक नाही याचा प्रयोगशाळेचा दाखला आहे का? उत्तरं छापील असतील तर ती बाटली हळदीसारखीच अर्ध्या शेडात तपासून बघायला हरकत नाही. थायमॉल, कार्व्हाक्रॉल किंवा दालचिनीतल्या सिनामाल्डिहाइडचं ठरावीक प्रमाण असलेली, तेल उडू नये म्हणून वेष्टणात बंद केलेली चांगली उत्पादनं असतात आणि ती घरच्या कुटलेल्या पुडीसारखी बेभरवशाची नसतात. पण "दोन दिवसांत मरतूक थांबते" असं कोणी सांगितलं तर त्या बाटलीत वनस्पतीपेक्षा वेगळं काहीतरी असण्याची शंका घ्या. वनस्पती इतक्या घाईनं काम करत नाहीत. प्रोबायोटिक आणि सेंद्रिय आम्लांनाही जागा आहे. फक्त प्रोबायोटिक ब्लीचिंगच्या पाण्यात टाकू नका, विकत आणलेले जिवंत जंतू तिथेच मरतील.

आणि इतकं करूनही बॅच आजारी पडली तर? तर औषध द्यायचं. भावाच्या लोभानं आजारी पक्ष्यांना तडफडत ठेवू नका. ताजा मेलेला एक-दोन पक्षी पिशवीत, बर्फावर ठेवून (फ्रीजरमध्ये गोठवून नको) तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तिथे उलगडा झाला नाही तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला काही लांब नाही. शवविच्छेदन झालं की कोणतं औषध, किती दिवस, ते पशुवैद्य लिहून देतील. पाकिटावर लिहिलेले थांबण्याचे दिवस संपल्याशिवाय पक्षी विकायचा नाही. मांसात औषधाचे अंश किती चालतात याच्या मर्यादा एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं) घातलेल्या आहेत. तशी बॅच हॉटेलवाल्याला वाढीव भावानं न देता साध्या व्यापाऱ्याला साध्या भावानं द्या आणि हॉटेलवाल्याला तसं कळवा. "आम्ही रोज औषध देत नाही, आजारात दिलं तर लिहून ठेवतो आणि ती बॅच तुम्हाला देत नाही," हे सांगणारा माणूस त्याला शोधूनही मिळायचा नाही.

होळीनंतरच्या बॅचला हळदीचा प्रयोग करू नका. चैत्र-वैशाखात पक्षी उन्हानं हापत असतो, दुपारी खाद्याकडे बघतही नाही. तेव्हा वजन हळदीनं घटलं की उन्हानं, तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही सांगता येणार नाही. या बॅचला तूस, पाणी, मका आणि कॉक्सीचा बंदोबस्त एवढंच करा. पक्षी नेहमीपेक्षा कमी सोडा, १,२०० च्या जागी १,००० पुरेत. खाद्य पहाटे आणि रात्री टाका, भर दुपारी भांडी वर उचलून ठेवा. छतावर तुराट्या किंवा पऱ्हाटीचा थर घालून दुपारी पाणी शिंपडा, पण ते पाणी तुसात उतरणार नाही असं बघा. वाळल्या आवळ्याची पूड घरात असेल तर उन्हाच्या दिवसांत पोत्याला २०० ग्रॅम घालायला हरकत नाही. कोंबडी स्वतःचं क जीवनसत्त्व स्वतः बनवते, पण अशा उन्हात ते तिला पुरत नाही. जाळी लावून हळदीची बॅच दिवाळीनंतर टाका, तोवर शेतातली नवी हळद निघालेली नसेल, म्हणून यंदाचीच पंचवीस-तीस किलो कोरड्या डब्यात बाजूला काढून ठेवा.